एकोणिसावी खुंटी

या बेटावर मी एकवीस वर्षं टपाल वाटते.
पाकिटाच्या जाडीवरून मजकूर कळतो मला.
कंपनीची पहिली पाकिटं जाडजूड,
आत नकाशे, आणि चौतीस पवनचक्क्या,
नाव एकीलाही नाही, नुसते नंबर.

मग बोटीतून माणसं उतरली, कोऱ्या बुटांची.
त्यांनी माळावर खुंट्या ठोकल्या,
नारिंगी फीत बांधून.
एकोणीस नंबरची डॉलिनाच्या वाट्यात आली,
जिथे तिचा बाप, आणि त्याच्या आधी त्याचा बाप
काळं ओलं पीट विटांसारखं कापून
गोवऱ्या रचाव्यात तसं रचून ठेवायचा,
एका हिवाळ्यापुरतं.

डॉलिना नको म्हणाली.
तिचा भाऊ टॉर्कविल हो म्हणाला.
त्याचं म्हणणं, हा वारा छपरं उडवतो, मेंढ्या आडव्या पाडतो,
दोरीवरची चादर पार नॉर्वेला नेऊन टाकतो,
हजार वर्षं नुसता उंडारतोय मेला,
आता जरा दोन पैसे कमवू दे त्याला.
शाळेत अकरा पोरं उरली होती.
तिचं म्हणणं मला नीट कधीच कळलं नाही.
ती एवढंच म्हणायची, माती खोल आहे तिथं.

हॉलमध्ये मतं पडली. एक्केचाळीस, अडतीस.
कोणाची एक्केचाळीस, हे आता सांगून काय उपयोग.
मी खुर्च्या आवरायला थांबले होते.
दोघं दोन दारांनी बाहेर पडली.

वारा मोजायला एक उंच खांब उभा केला.
तीन वर्षं मोजत होता.
डेन्मार्कचा यस्पर दर महिन्याला आकडे न्यायला यायचा,
म्हणायचा, असा वारा मी जन्मात पाहिला नाही,
टोपी दोन्ही हातांनी धरून.

पुढे पाकिटं पातळ होत गेली.
शेवटचं हातात घेतलं तेव्हाच समजले,
अर्धं पान.
समुद्राखालून न्यायची केबल परवडत नव्हती.
ना माती आड आली, ना मतं, ना पक्षी.
केबल.
वाऱ्यात काही खोट नाही, असंही लिहिलं होतं.

खांब उतरवून नेला, चार बोल्ट राहिले.
खुंट्या ज्याने त्याने उपटल्या,
कोणी फाटकाला अडसर केला, कोणी वाटाण्याला आधार.
एकोणीस नंबरची आहे अजून.
डॉलिना पीट कापताना तिला वळसा घालते.

टॉर्कविलचं घर तिच्या घरापासून चारशे पावलं.
दर नाताळला तो तिला कार्ड पाठवतो. टपालाने.
मी ते कोपऱ्यावरच्या लाल पेटीतून काढते,
ते बोटीने पलीकडे जातं, शिक्का खातं,
एक डोंगर दोनदा ओलांडतं
आणि पाचव्या दिवशी माझ्याच पिशवीत परत येतं.
आत फक्त सही, आडनावासकट.
एकदा मी विचारलं, देऊ का हातोहात?
तो म्हणाला, तिकीट लावलंय ना?

डॉलिनाच्या स्वयंपाकघरात खिडकीशेजारी एक फोटो आहे,
कंपनीनेच दिलेला, त्याच खिडकीतून काढलेला,
पुढे कसं दिसेल ते दाखवायला
माळावर मागाहून चक्क्या चिकटवलेल्या.
मी म्हटलं, ही कसली तसबीर लावलीस बाई?
ती चहा ओतत होती.
चक्क्यांकडे कोण बघतंय, म्हणाली,
आणि ओल्या बोटाने दाखवू लागली.
हा मॉस, बांधावर झोपलाय.
मॉसला जाऊन सहा वर्षं झाली.
ही माझी हिरवी चादर. नॉर्वेला गेली ती.
आणि हे बघ, रस्त्यावर,
चष्मा लाव,
हा निळा ठिपका.
त्याची गाडी.
इकडेच वळतेय.

मी चष्मा लावला.
खिडकीची काच थरथरत होती,
बाहेर वारा, कोणी न मोजलेला.
चहा निवला तरी उठवेना.
खरं तर तिच्या नावाचं आज
काहीच नव्हतं माझ्याकडे.